स्वतःची प्रार्थना स्वतः करायची कशी? तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

रविवारची उपासना सुटली की पाळकांभोवती घोळका जमतो. “पास्टर, पोराच्या परीक्षेसाठी प्रार्थना करा.” “बोअरला पाणी लागावं म्हणून मागा.” “आईच्या गुडघ्यावर हात ठेवा.” अशी विनंती करण्यात चूक काहीच नाही. पण “तुम्ही स्वतः देवाला सांगितलंत का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “आमची काय प्रार्थना! आम्हाला नाही जमत तसं बोलायला.” हे जालना शहरात ऐकू येतं, अंबड-गंगापूरकडच्या वस्त्यांवर ऐकू येतं, आणि बाप्तिस्मा होऊन निम्मं आयुष्य सरलेल्यांच्याही तोंडून ऐकू येतं.

तहसीलमधलं काम एजंटाशिवाय होत नाही, हा आपला अनुभव. तीच सवय आपण देवाच्या दारापर्यंत घेऊन गेलो आहोत. हा लेख त्या सवयीवर आहे. प्रार्थनेची थोरवी इथे सांगितलेली नाही. बसायचं कुठे, सुरुवात काय करायची, कशानंतर काय आणि माणूस घसरतो कुठे, एवढंच आहे. क्रम चुकला तर प्रार्थना बाद होते असं कोणी समजू नये. पेत्र बुडता बुडता “प्रभुजी, मला वाचवा” एवढंच ओरडला आणि तेवढं पुरलं (मत्तय 14:30). पण बुडण्याची वेळ रोज येत नाही, प्रार्थना मात्र रोज करायची असते, आणि रोजच्या कामाला क्रम लागतो.

## 1. आत जायचा हक्क कोणामुळे, हे आधी पक्कं करा

बहुतेक जण ही पायरी सोडून थेट मागण्यांवर येतात. पुढच्या निम्म्या चुका इथूनच निघतात. “आज उपास धरलाय, आज देव ऐकेल.” “महिनाभर बायबल उघडलं नाही, आता कुठल्या तोंडानं जाऊ?” पहिला माणूस छाती काढून उभा आहे, दुसरा मान घालून, पण दोघांनीही हक्क आपल्याच वागण्यावर टांगला आहे.

जुन्या करारात परमपवित्रस्थानात, म्हणजे पडद्यामागच्या सगळ्यात आतल्या दालनात, फक्त मुख्य याजक जाई. तोही वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, बळीचं रक्त घेऊन (लेवीय 16). बाकी सगळी प्रजा पडद्याच्या अलीकडे. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला (मत्तय 27:51). इब्री लोकांस पत्र त्यातून सरळ हिशेब मांडतं: येशूच्या रक्ताने आत जायचं धैर्य मिळालं आहे, तर जवळ जाऊ या (10:19-22). मुख्य याजक आता तोच आहे, आणि आपल्या दुबळेपणाची त्याला जाण आहे (4:14-16). देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, येशू ख्रिस्त, असं पौल तीमथ्याला लिहितो (1 तीमथ्य 2:5).

हे उतारे एकदा सलग वाचा. मग वहीत एक वाक्य पूर्ण करा: “मी देवाजवळ जाऊ शकतो, कारण…”

तपासा: ‘कारण’च्या पुढे तुमचा उपास, तुमचं दशांश (कमाईतला देवाला दिलेला दहावा हिस्सा), तुमचं चांगलं वागणं आलं असेल तर उतारे पुन्हा वाचा. येशूने काय केलं ते आलं असेल तर पुढे चला.

इशारा: “थेट प्रवेश आहे ना, मग मंडळी कशाला, पाळक कशाला?” असं म्हणत घरी बसणारेही भेटतात. त्यांनी त्याच दहाव्या अध्यायात तीन ओळी खाली उतरावं. 25व्या वचनात एकत्र जमणं सोडू नका असं लिहिलं आहे.

## 2. जागा आणि वेळ ठरवा

‘खोलीत जा, दार लावून घे’ (मत्तय 6:6) हे वाचून पुष्कळांचा पाय अडतो. दोन खोल्यांत सहा माणसं, एका खोलीत टीव्ही चालू, दार लावलं की बाहेरून कोणीतरी वाजवणार. इथे मुद्दा दाराचा नाही, प्रेक्षकांचा आहे. त्याच्या आदल्याच वचनात चौकात उभं राहून लोकांना दिसेल अशी प्रार्थना करणाऱ्यांवर येशूने टीका केली आहे. तो स्वतः पहाटे उठून एकांतात, उघड्यावर गेला होता (मार्क 1:35). म्हणजे बांध चालेल, गच्ची चालेल, गोठा चालेल, एसटीतली खिडकीजवळची जागाही चालेल.

ऊसतोडीला गेलेल्यांची अडचण आणखी वेगळी. दिवाळीनंतर चार-पाच महिने कोपीत राहायचं, पहाटे अंधारात फड गाठायचा. त्यांना “सकाळी शांत वेळ काढा” असं सांगणाऱ्याने एकदा तरी कारखान्याच्या तळावर मुक्काम करावा. गेवराईकडच्या एका ताई वाढं बांधताना प्रार्थना करतात. पहिल्या पेंढीला थोरलीचं नाव, दुसरीला धाकट्याचं, तिसरीला गावी राहिलेल्या सासऱ्यांचं, आणि मग मुकादमाचं. “त्याचंबी नाव घ्यावं लागतंय, उचल त्याची हाय,” म्हणत हसतात. हात कामात, ओठ मिटलेले. खोलीचं दार याहून वेगळं काय असतं?

वेळ दहा मिनिटांपासून सुरू करा. तासभर बसण्याचा निश्चय तिसऱ्या दिवशी मोडतो, आणि मग माणूस महिनाभर फिरकत नाही. कशाला तरी जोडून वेळ ठरवली की टिकते: गुरांना चारा टाकल्यावर, पोरं शाळेत गेल्यावर, रात्री मोबाइल चार्जिंगला लावल्यावर. तो दुसऱ्या खोलीत लावा, एवढंच.

बसायचं कसं? उभं राहून (मार्क 11:25), गुडघे टेकून (लूक 22:41), नुसतं बसून (2 शमुवेल 7:18), अंथरुणात पडल्या पडल्या (स्तोत्र 63:6), सगळं पवित्र शास्त्रात आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी खुर्चीवर बसावं आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये.

## 3. बोलण्याआधी ऐका

आल्या आल्या बोलायला लागलं की आपण आपल्याच काळजीभोवती फिरत राहतो. आधी एक छोटा उतारा वाचा. मन खचलं असेल तर स्तोत्र 13, सहाच वचनं आहेत आणि पहिलंच वचन “किती वेळ, परमेश्वरा?” असं देवाला विचारतं. पाप टोचत असेल तर 51. प्रवासाला निघायचं असेल, पोरगं परगावी असेल तर 121. उपकार आठवायचे असतील तर 103.

वाचून झालं की त्यातली एकच ओळ धरा आणि ती आपल्या नावाने देवाला परत सांगा. ‘परमेश्वर तुझा रक्षक आहे’ वाचलं तर: “देवा, रक्षक तू आहेस. संतोष पुण्याला मोटारसायकलवर रात्रीची डिलिव्हरी करतो, त्याला राख.” ज्यांना ‘तसं बोलायला जमत नाही’ त्यांच्यासाठी यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही.

टाळा: डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि आलं ते वचन ‘आजचं उत्तर’ मानायचं. जमीन विकायची की नाही हे असं ठरवणारी माणसं आहेत. वचन मागच्या-पुढच्या संदर्भासकट वाचायचं असतं. ती सोडत नव्हे.

## 4. कोणाशी बोलताय ते स्पष्ट ठेवा

साधी वाट इफिसकरांस 2:18 मध्ये आहे: पुत्राद्वारे, आत्म्यामध्ये, पित्याजवळ. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थनाही स्वर्गातल्या पित्याला उद्देशून सुरू होते. येशूला हाक मारलेली चालत नाही असं नाही. दगडमार सोसताना स्तेफनाने “प्रभू येशू” म्हणूनच हाक मारली (प्रेषितांची कृत्ये 7:59). घोळ होतो तो एका दमात सगळं मिसळल्याने. घरसभांतून हमखास ऐकू येणारं वाक्य: “हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी वधस्तंभावर मेलास म्हणून तुझे आभार.” पिता वधस्तंभावर मेला नाही, पुत्र मेला. देव अशा चुकीवर रुसत नाही, पण बोलणाऱ्याचं लक्ष कुठेतरी सुटलं आहे हे त्यातून कळतं.

दुसरा घोळ भाषेचा. घरात “माय, भूक लागली” म्हणणारा माणूस प्रार्थनेला बसला की “हे परमदयाळू सार्वकालिक जिवंत परमेश्वरा, आम्ही तुझ्या पवित्र चरणी लीन होऊन…” सुरू करतो आणि दोन वाक्यांत अडकतो. मग अडकलेली जागा भरायला “प्रभू, हे प्रभू, हालेलुया प्रभू”. ही पाळकांची व्यासपीठावरची भाषा. तिथे ती शोभते. तुम्ही आईशी बोलता त्या बोलीत बोला. मराठवाड्याची बोली देवाला कळते.

मोठ्या आवाजाचंही तेच. कर्मेल डोंगरावर बआलाचे 450 संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत ओरडत राहिले. परमेश्वराचा संदेष्टा एलीया याची प्रार्थना दोन वचनांत संपली (1 राजे 18). हन्नाचे तर नुसते ओठ हलत होते. आवाज नाही म्हणून एली याजकाला वाटलं ही दारू प्यायली आहे (1 शमुवेल 1:13). ऐकायचं होतं त्याने ऐकलं.

## 5. पापकबुली: नाव घेऊन, थोडक्यात

“आमच्या हातून कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ कर.” हे वाक्य कबुली नाही, टाळाटाळ आहे. ‘असेल तर’ काढून टाका. “काल भावाशी बांधावरून भांडलो, त्याच्या मेलेल्या बापावरून बोललो, तो बाप माझाही होता.” अशी असते ती. आपण पाप पदरी घेतलं तर क्षमा करायला तो विश्वासू आणि न्यायी आहे, हे 1 योहान 1:9 सांगतं. म्हणून एकदा नीट सांगा आणि पुढे सरका. रोज तेच जुनं पाप उकरून काढणं ही नम्रता नव्हे; पहिल्या पायरीवर विश्वास बसलेला नाही याची ती खूण आहे.

आता अवघड भाग. वेदीपाशी असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, असं येशू म्हणतो (मत्तय 5:23-24). पेत्र तर नवऱ्यांना बजावतो, की बायकोशी समजुतीने वागा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल (1 पेत्र 3:7). बायकोवर हात उचलून रविवारी मोठमोठ्याने प्रार्थना करणारे आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांना हे वचन व्यासपीठावरून क्वचितच ऐकायला मिळतं.

तपासा: कबुलीनंतर हातून करण्यासारखं काही उरलं का? फोन करायचा, पैसे परत द्यायचे, बांध पूर्ववत करायचा? कागदावर लिहून ठेवा. जकातदार जक्कयाने फसवून घेतलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली होती (लूक 19:8).

## 6. आभार

दोन-तीन गोष्टी, आजच्या. ‘सगळ्या आशीर्वादांबद्दल’ असं ठोक नको. टँकर आला, ताप उतरला, म्हैस व्याली. पुरे.

## 7. मागणं: उघड, नेमकं आणि हात मोकळे ठेवून

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं. तरीही येशूने त्याला विचारलं, “मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून तुझी इच्छा आहे?” (मार्क 10:51). देवाला माहीत नाही म्हणून सांगायचं नसतं, तर आपण आपली गरज त्याच्यासमोर उघडी करावी म्हणून सांगायचं असतं. “आमच्या घरावर कृपा असू दे” हे इतकं मोघम मागणं आहे, की ते पूर्ण झालं की नाही हे कधी कळणारच नाही.

नेमकं मागणं कसं दिसतं? परतीच्या पावसानंतर एका शेतकऱ्याने बांधावर केलेली ही प्रार्थना वाचा. त्याच्या संमतीने, नाव न घेता, त्याच्याच बोलीत देतो आहे:

“देवा बापा, येशूच्या नावानं आलोय. सोयाबीन कापून ढीग लावला व्हता, खालून भिजला. कोंब फुटायलेत. व्यापारी भिजक्या मालाला पाडूनच मागतो. दुकानाची उधारी तशीच हाय. मला राग आलाय, खरं सांगतो, तुझाबी आलाय. चार दिवस ऊन दे. जे वाचलं त्याला भाव दे. उधारीवाल्यापुढं जायला तोंड दे. आन् काहीच नाही झालं तर मला दारूकडं जाऊ देऊ नको, घरात भांडण होऊ देऊ नको. आमेन.”

यात काय काय आहे पाहा. परिस्थिती जशी आहे तशी. राग लपवलेला नाही. स्तोत्रकर्तेही लपवत नाहीत. मागणं मोजता येईल असं. आणि शेवटी, ऊन नाही पडलं तर काय, याचीही तयारी. उपासनेच्या भाषेतला एकही शब्द नाही.

नेहमीच्या चुका:

सौदा. “पोराला नोकरी लागू दे, पहिला पगार चर्चला देईन.” गावोगावी नवस बोलणाऱ्या समाजात आपण वाढलो, त्यामुळे हा घाट जिभेवर बसलेला आहे. कोणी म्हणेल, हन्नानेही नवस केला होता. केला होता, आणि मिळालेला मुलगा खरोखर नेऊनही दिला. पण तिच्या नवसाची किंमत वाजवून देवाने मूल दिलं असं तो अध्याय म्हणत नाही. द्यायचं असेल तर आनंदाने द्या. अट घालून नको. देवाला तुमच्या पहिल्या पगाराची अडचण नाही.

‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ ही पळवाट. काही जण हे शब्द इतक्या लवकर म्हणतात, की मागायचं राहूनच जातं. नकार मिळाला तर वाईट वाटू नये म्हणून आधीच पांघरूण. उलट काही सभांतून शिकवलं जातं, की असं म्हणणं म्हणजे अविश्वास, हक्काने मागा. गेथशेमाने बागेत येशूने दोन्ही केलं. प्याला दूर कर, हे स्पष्ट मागितलं. आणि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, हेही म्हटलं (मार्क 14:36). क्रम तोच ठेवा: आधी मागणं, मग सोपवणं.

‘येशूच्या नावाने’ हा शिक्का. शेवटी हे शब्द लावले की प्रार्थना पास, अशी समजूत आहे. त्याच्या नावाने मागायचं म्हणजे त्याच्या भरवशावर आणि त्याला शोभेल असं मागायचं. भावकीतल्या माणसाचा कोर्टात सत्यानाश व्हावा, हे येशूच्या नावाने मागता येत नाही, कितीही जोरात आमेन म्हटलं तरी. चैनीसाठी उधळायला मागता म्हणून मिळत नाही, हेही याकोबाने स्पष्ट लिहून ठेवलं आहे (4:3).

एकदाच मागून सोडणं. “देवाला एकदा सांगितलं, परत परत सांगणं म्हणजे अविश्वास.” मग अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेची गोष्ट येशूने कशाला सांगितली? सर्वदा प्रार्थना करावी, खचून जाऊ नये म्हणून (लूक 18:1). मत्तय 6:7 मध्ये मनाई आहे ती निरर्थक बडबडीला.

## 8. दुसऱ्यांसाठी

घरची नावं झाली की बाहेरची दोन घ्या, त्यातलं एक न पटणाऱ्या माणसाचं. रोज पन्नास नावांची यादी वाचणं हजेरी घेतल्यासारखं होतं. वारानुसार वाटून घ्या.

इशारा: प्रार्थनासभेत “अमक्या ताईंच्या घरात नवरा-बायकोचं पटत नाही, प्रार्थना करू या” असं सांगितलं, की दुसऱ्या दिवशी नळावर तीच चर्चा असते. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारल्याशिवाय तपशील सांगू नका. “एका कुटुंबासाठी” एवढं पुरतं. देवाला पत्ता माहीत आहे.

## 9. थोडं गप्प बसा, आमेन म्हणा, उठा

मागून झालं की मिनिटभर काही बोलू नका. कानात आवाज यायलाच हवा असं काही नाही. बहुतेक वेळा बाहेरचा ट्रॅक्टरच ऐकू येतो. तरी बसा.

मग उठून हातातलं काम करा. नहेम्याने राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मनात प्रार्थना केली आणि लगेच तोंड उघडून यरुशलेम पुन्हा बांधायला परवानगी, मुदत, पत्रं आणि लाकूड मागितलं (नहेम्या 2:4-8). परीक्षेसाठी प्रार्थना केली तर अभ्यास. पिकाच्या नुकसानीसाठी केली तर पंचनाम्याचा अर्ज आणि विमा कंपनीला वेळेत कळवणं. दोन्हींत भांडण नाही.

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: प्रार्थना केली म्हणून औषध बंद करू नका. इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, फिटची गोळी, टीबीचा कोर्स, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचं नाही. टीबीचं औषध मध्येच सोडलं तर रोग औषधाला दाद देईनासा होतो आणि घरातल्यांनाही तसाच लागू शकतो. पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सैकरांस 4:14). “गोळी घेणं म्हणजे अविश्वास” असं व्यासपीठावरून कोणी सांगत असेल तर त्या सभेतून उठून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची किंवा जिल्हा रुग्णालयाची वाट धरा. बरं झालंय असं वाटत असेल तर तपासणी करून घ्या. खरं असेल ते रिपोर्टमध्येही दिसेल.

## 10. वाट पाहणं

एक वही ठेवा. डावीकडे तारीख आणि मागणं, उजवीकडे जागा मोकळी. उत्तर आलं की तारीख टाका. दोन-तीन महिन्यांनी मागची पानं चाळा. आलेली उत्तरं आपण किती सहज विसरतो ते तिथे दिसतं. उजवी बाजू रिकामी राहिलेलीही तिथेच दिसते.

रिकाम्या जागेबद्दल खोटं बोलायचं नाही. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळालं (2 करिंथकरांस 12:7-9). प्रेषिताला नकार मिळू शकतो, तर आपल्याला मिळाला म्हणजे आपला विश्वास कच्चा होता असा अर्थ निघत नाही. ज्या घरात मूल दगावलं त्या घरात जाऊन “तुमचा विश्वास कमी पडला” म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शब्दच सुटत नसतील अशा दिवसांसाठी रोमकरांस 8:26: काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. त्या दिवशी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, सावकाश म्हणा. तेवढंही नसेल तर जकातदाराचं एक वाक्य: “हे देवा, मज पाप्यावर दया कर” (लूक 18:13).

## मग पाळकांकडे कधी जायचं?

जरूर जा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, असं याकोब 5:14 सांगतं. पौलही मंडळ्यांना ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून वारंवार लिहितो. सोबत मागणं वेगळं आणि बदली माणूस पाठवणं वेगळं. खूण सोपी आहे: पाळकांना सांगण्याआधी ती गोष्ट तुम्ही स्वतः देवाला सांगितली असेल तर ती सोबत आहे.

कॅथलिक घरांत मारियेला आणि संतांना ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं म्हणतात, प्रोटेस्टंट मंडळ्यांत म्हणत नाहीत. तो वाद इथे सोडवायचा नाही. पण मिस्सेतही, म्हणजे कॅथलिक उपासनेतही, सगळी मंडळी मिळून स्वर्गातल्या बापाला हाक मारतेच. स्वतः बोलण्यातून दोन्हीकडे कोणाची सुटका नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र वाद नाही. प्रार्थनेचा दर ठरलेला असेल, ‘अभिषेकाच्या’ तेलाची बाटली किंवा रुमाल विकला जात असेल, “एवढं बीज पेरा, एवढं मिळेल” असा हिशेब मांडला जात असेल, तर तिथून निघा. देवाचं दान पैशाने घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावलं ते प्रेषितांची कृत्ये 8:20 मध्ये वाचा. कोणी तुमच्या लग्नाबद्दल, जमिनीबद्दल “देवाने मला दाखवलं” म्हणत असेल तर लगेच होकार देऊ नका. वचन पडताळा, घरच्यांशी बोला, आणि तुम्हीही त्याच पित्याला विचारू शकता हे ध्यानात ठेवा.

## चारचौघांत प्रार्थना करायला सांगितलं तर

बारशाला, घरभरणीला, प्रेताजवळ पाळक अचानक म्हणतात, “भाऊ, तुम्ही प्रार्थना करा.” घाम फुटतो. चार वाक्यांचा साचा मनात ठेवा: पित्याला हाक, आज ज्या कारणाने जमलो त्याबद्दल एक आभार, घरच्यांसाठी नाव घेऊन एक मागणं, येशूच्या नावाने, आमेन. अर्ध्या मिनिटात होतं. प्रार्थनेतून प्रवचन देऊ नका, कोणाला टोमणा मारू नका, घरच्यांचा इतिहास सांगू नका. मृत्यूच्या घरी आभाराचं वाक्य सुचत नसेल तर सोडून द्या. “देवा, यांना आधार दे” एवढ्यावर थांबलं तरी चालतं. वाचता येत नसलेल्या आई-आजींनाही हाच साचा तोंडी शिकवा, आणि स्तोत्र 121 मोबाइलवर ऐकवत राहा. आठच वचनं आहेत, पाठ होतात.